बाजेचा डोह

तिसगाव
१ ऑक्टोबर २०२५

ती. दाजी यांस वाल्मिकचा नमस्कार.

परवा आपल्या वाडीत सगळ्यांनी फुकट मासे खाल्ले. फुकट म्हणजे काय भावानं, ते आधी सांगतो. बिभीषणची उभी तूर, त्याच्या शेततळ्याचा बांध, सुनीलच्या दोन गाभण शेळ्या, माझ्या हॉटेलचा मागचा पत्रा, आणि नदीकाठची करंजाची सगळी झाडं. ज्यांच्या मुळ्या धरून तुम्ही पाण्यात उतरायचा तीसुद्धा. एवढं पुराला मोजून दिलं तेव्हा मासा ताटात आला. माझ्या हॉटेलात थाळी स्वस्त पडते.

फोन तुम्हाला ऐकू येत नाही, मोबाईलवरची अक्षरं मुंग्यांसारखी दिसतात, म्हणून कागद घेतला. पाऊस रेडिओवर ऐकला असेल अक्कानं. ऐकण्यात आणि असण्यात फरक आहे. माझे कान तुम्हाला माहीत आहेत. गिऱ्हाईकाच्या खोकल्यावरून मी सांगतो, याला रस्सा तिखट द्यायचा की फिका. त्या दिवशी नदीतून असा आवाज येत होता की भरल्या उसाच्या ट्रॉल्या एकामागं एक लाकडी पुलावरून चालल्यात. ते धोंडे होते दाजी. पाण्याखाली धोंडे चालत होते.

पाणी ओसरल्यावर बिभीषणच्या तुरीत मासेच मासे. सरीत, बांधाच्या कडेला, बाभळीच्या काट्यात अडकलेले. बिभीषण एक मासा शेपटीला धरून म्हणाला, "वाल्मिक, तूर गेली पन मासळी पिकली रं!" आणि हसता हसता बांधावर बसून रडला.

बाया टोपल्या भरत होत्या. मी म्हटलं, मेलेले न्या, जिवंतांना हात लावू नका. प्लास्टिकच्या टाक्यांत पाणी भरलं, टेम्पोत चढवलं आणि जेवढे तडफडत होते तेवढे सगळे डोहात नेऊन सोडले. बायांनी टाकीला हळदकुंकू लावलं. नदी उन्हाळ्यात आटते तेव्हा तिची सगळी मासळी आपल्या डोहात येऊन राहते आणि पाऊस पडला की इथूनच वर-खाली पसरते, हे तुम्हीच शिकवलंत. होळी पेटली की डोहाला जाळं नाही, हा नेमही तुमचाच. तर ते मासळीचं बी तुमच्या मेव्हण्यानं राखलं आहे. पाथर्डी तालुक्यात असं काम आजवर झालेलं नाही, हे मी म्हणत नाही, सुनील म्हणतो. मी फक्त नाही म्हटलं नाही.

अक्काला नमस्कार, सुकन्याला आशीर्वाद.

आपला,
वाल्मिक


राहुरी
९ ऑक्टोबर २०२५

चि. वाल्मिक यास आशीर्वाद.

पत्र पोचलं. तुझ्या अक्कानं सुकन्याकडून दोनदा वाचून घेतलं आणि करंजाच्या ओळीपाशी तिला थांबवलं. लग्न होऊन आली तेव्हा पहिलं धुणं तुझ्या अक्कानं त्याच करंजाखाली धुतलं होतं.

तुझं कौतुक करायला हरकत नाही, पण आधी सांग, तुरीत मासे कोणते होते? मरळ होती का? वांब होती का? दगडाला चिकटून राहणारे मळे होते का? का नुसती चिलापी? बिभीषणच्या तळ्याचा बांध फुटला म्हणतोस, त्यात त्यानं चिलापी सोडली होती हे मला माहीत आहे. तुला मासा शिजला की ओळखू येतो, जिवंतपणी नाही, म्हणून विचारतो. चिलापी दुसऱ्याची पिल्लं खाते. चोराला राखणीला बसवलं नाहीस ना?

दुसरं. डोहाच्या पूर्व अंगाला पाण्याखाली कपार आहे, वांबी तिथं बसतात. ती मोकळी आहे का बघ. आणि दगड बांधून दोरी सोडून बघ. माझ्या आज्यानं सात बाजा उसवून त्यांची दोरी सोडली होती, तरी तळ लागला नव्हता, म्हणून बाजेचा डोह. तू एक बाज तरी उसव. सुकन्याच्या मोबाईलवर फोटो पाठव.

इथं लेकीकडं, सुकन्याच्या घरी, मला काही कमी नाही. जावई भला माणूस आहे. घरावर आमच्यासाठी एक खोली चढवली आहे, रंगसुद्धा मला विचारून दिला. पण इथं सगळे माझ्याशी तोंड मोठं करून बोलतात, आणि मी मान हलवतो. नातू काहीतरी सांगतो, हसतो, मी पण हसतो. कशाला हसलो ते मला कळत नाही. डोहात तसं नव्हतं. पाण्यात कोणीच बोलत नाही. दोरा बोटावर असला की खाली कोण आलंय, मरळ का शिंगटा, ते मला बोटाला कळतं. तिथं मी बहिरा नसतो, वाल्मिक.

सुकन्याला सांगून टाकलंय, खोली विद्यापीठाच्या पोरींना भाड्यानं दे. माघात मी गावी येतो ते राहायलाच. तुझी अक्का अजून हो म्हणाली नाही, पण ती नेहमी आधी नाहीच म्हणते.

सहादेव


तिसगाव
२६ ऑक्टोबर २०२५

ती. दाजी यांस नमस्कार.

भाऊबीजेला अक्का आली नाही, म्हणून ओवाळून घेतलं नाही. कपाळ कोरडं आहे.

फोटो पाठवला आहे, पाहिला असेल. पाणी भरपूर आहे. गढूळ आहे अजून, त्यामुळं दोरीचं काम राहिलं. मासे कोणते म्हणता, तर मिसळ होती. चिलापी जरा जास्त. पण दाजी, मासा तो मासा. पोराची जात बघून दूध पाजतो का आपण?

करंजं गेल्यानं काठ उघडा पडला आहे. सावली नाही, पण मोकळं दिसतं. बांधावरच्या वस्तीपर्यंत नजर जाते. मी आता रोज सकाळी हॉटेल उघडायच्या आधी जाऊन येतो. तुमच्या जागी बसतो आणि ऐकतो. पूर्वी डोहाजवळ आलं की नदीचा आवाज एकदम बंद व्हायचा, आठवतं? आता छान खळखळते, थेट डोहापर्यंत आणि डोहातूनसुद्धा. ऐकत राहावं वाटतं. तुमच्या वाट्याचं मी ऐकून घेतो.

थंडी पडली की बाकीचं बघू. हॉटेलचा पत्रा बसवला.

आपला,
वाल्मिक


राहुरी
४ नोव्हेंबर २०२५

वाल्मिक,

फोटो बघितला. पाण्याचा फोटो म्हणजे पांघरुणाचा फोटो. खाली कोण झोपलंय, जागं आहे का मेलंय, ते दिसत नाही.

पण तुझं पत्र वाचलं आणि मला पाण्याचा आवाज आला. कान गेल्यापासून सहा वर्षांत पहिल्यांदा. खोल पाणी गप्प असतं रे. डोहापाशी नदी गप्प व्हायची ती देवाला भिऊन नाही, खाली जागा होती म्हणून. आता ती डोहातूनसुद्धा खळखळते असं तू स्वतःच्या हातानं लिहिलं आहेस. तुला वाटलं, बहिऱ्याला काय कळतंय.

दोरी किती गेली ते लिही. गढूळ पाण्यात दगड बुडत नाही, असं मी तरी कुठं ऐकलं नाही.

सहादेव


तिसगाव
१८ नोव्हेंबर २०२५

ती. दाजी यांस साष्टांग नमस्कार.

तुम्हाला पत्र लिहायचं म्हणजे वकिलापुढं उभं राहायचं.

दोरी तुमचं पत्र आलं त्याच आठवड्यात सोडली होती. बाज उसवायची गरज पडली नाही. कमरेचा करदोटा पुरला असता. मी स्वतः उतरलो, पाणी छातीला लागलं. पायाखाली गोटे आणि वाळू. जे धोंडे मी चालताना ऐकले, ते सगळे चालत चालत तुमच्या डोहात येऊन बसले. कपार सापडली नाही. पूर्वेच्या अंगाला हात घालून चाचपत गेलो, नुसती वाळू. वांबी आत होत्या का बाहेर, ते त्यांनाच माहीत. वरच्या अंगाला जिथं मळे दगडांना चिकटून असायचे, तिथं दगडांवर चिखलाचं लिंपण बसलं आहे, सारवल्यासारखं. उलटून पाहिले. खाली काही नव्हतं.

आणि तुरीतले मासे, तुम्ही म्हणालात तेच. जवळजवळ सगळी चिलापी, बिभीषणच्या तळ्यातली. मी हळदकुंकू लावून चोर आणून सोडले.

तुम्हाला आधी सांगितलं नाही, कारण तुम्ही राहायला येणार म्हणून लिहिलंत आणि मी तुमची चूल कुठं मांडायची ते ठरवूनसुद्धा टाकलं.

पण दाजी, हात बांधून बसणारा माणूस मी नाही. उसाच्या फडातून सुटून अक्काच्या गावात आलो, सायकलवर मासळी विकली, आज रस्त्याला हॉटेल आहे, ते बसून झालं नाही. आपल्याकडं ओढे-नाले खोल करतातच की. डोहसुद्धा खोल करता येईल. बिभीषणच्या मेव्हण्याचं जेसीबी आहे. डिझेल मी घालतो, ट्रॅक्टर वाडीतले लावतील, वाळू ज्याची त्यानं न्यावी. पाणी थोडं कमी झालं की मशीन उतरवतो.

आपला,
वाल्मिक


राहुरी
२५ नोव्हेंबर २०२५

वाल्मिक,

खरं लिहिलंस. मला राग आला नाही असं नाही, पण त्या दिवशी मी पोटभर जेवलो.

घाई करू नकोस. ऐक. वरची वाळू आणि गोटे काढ, तेवढेच. खाली काळी चिकण माती लागेल, तिला दात लावू देऊ नकोस. तो गाळ नाही, ते डोहाचं बूड आहे. पिढ्यानपिढ्या पानं कुजून, माती बसून झालेलं. त्याच्याखाली मुरूम आहे. मडक्याला आतून खरवडू नये. मशीनवाल्याला कळणार नाही, तू स्वतः उभा राहा.

तुला उभं राहणं जमणार नसेल तर मी येईपर्यंत थांब.

सहादेव


तिसगाव
१२ डिसेंबर २०२५

ती. दाजी यांस नमस्कार.

तुमचं पत्र हॉटेलच्या गल्ल्यावर आलं तेव्हा मशीन काम संपवून परत गेलं होतं. त्यामुळं थांबायचा प्रश्न उरला नाही.

पण दाजी, तुम्ही बघायला हवं होतं! अख्खी वाडी काठावर. वाळू निघाली, गोटे निघाले, मग तुम्ही म्हणता ती काळी माती लागली, लोण्यासारखी. मशीनवाल्यानं विचारलं, "आजून घिऊ का?" सगळे ओरडले, "घे! घे!" मी पण ओरडलो. एवढा सोन्यासारखा गाळ, बिभीषणची जमीन धुऊन गेलेली, त्याच्या रानात टाकला. त्याची जमीन परत काळी झाली. म्हातारा बिभीषण बांधावरून हलायला तयार नव्हता.

बूड गेलं याची काळजी करू नका. विहीर खणतो तेव्हा मुरूम फोडला की पाणी लागतं. इथंही लागेल. खाली नदीचं पाणी आहेच. सध्या वरून झिरपून चांगलं साठलं आहे. उरलेसुरले मासे खड्ड्यात उतरले. माझ्या कानांनी ऐकलं, पाणी परत गप्प झालंय.

आज्यानं सात बाजा सोडल्या, मी आठवी उसवायला लावीन. माघात येताना लंगोट घेऊन या. काठावरून पाय टाकलात की डोक्यावरून पाणी जाईल, एवढं खोल करून ठेवलं आहे वाल्मिकनं. खोली खुशाल भाड्यानं द्या.

आपला,
वाल्मिक


राहुरी
२ फेब्रुवारी २०२६

चि. वाल्मिक,

सुकन्याकडून लिवून घेतीया, शबूद माझंच हायेत. तिला म्हनलं, जसं बोलते तसं लिव, सुदरवू नगं.

संक्रांत झाली, तुझं पत्र न्हाई. तिळगूळ न्हाई. फोन केला तर "हाटेलात गर्दी हाय अक्का" म्हंतूस. लहानपणी गूळ चोरून खाल्लास की असाच गप बसायचास. खरं सांग, काय झालंय तिथं?

ह्यांनी पिशवी भरलीया. दोन धोतरं, गळाचं डबडं, आन तुझं ते शेवटचं पत्र. ते रोज काढून वाचत्यात. लंगोटाच्या वळीवर हसत्यात. मला हसताना कधी दिसायचं न्हाईत आता, म्हून मीबी काय बोलले न्हाई. खोलीत पोरी राहायला येनार हायेत पुढल्या म्हैन्यात. सुकन्या म्हनली, "आबा, आजून इचार करा." तर ह्यास्नी वाटलं ती चहा इचारतीया. म्हनले, "अर्धा कप."

शिवरात झाली की निगनार हायेत. एकलंच. मी म्हनलं मी येते, तर म्हनले आदी मी चूल मांडतो. तिथं काय करत्यात, काय बोलत्यात, ते मला कळव. घरी आल्यावं मला सांगायचं न्हाईत. आन ते यायच्या आदी अडवायचं आसल तर तूच अडव. माझ्या तोंडानं मी त्यास्नी नदी न्हाई म्हनून सांगनार न्हाई.

तुझी अक्का,
पुष्पावती


तिसगाव
२० फेब्रुवारी २०२६

ती. अक्कास वाल्मिकचा नमस्कार.

फोनवर बोललो असतो तर रडलो असतो, आणि हॉटेलात गिऱ्हाईक बसलं होतं. म्हणून लिहितो. दाजी या पत्राच्या आधीच पोचतील.

संक्रांतीला पत्र लिहायला बसलो होतो. काय लिहू? खड्ड्यातलं पाणी रोज उतरत होतं. ऊन नव्हतं, उपसा नव्हता, तरी उतरत होतं. खालून. आम्ही बूड फोडलं होतं. विहिरीत पाणी येतं ते भोवतीची जमीन भरलेली असते म्हणून. इथं आम्ही भरलेल्या भांड्याला भोक पाडलं. दाजींनी लिहिलं होतं, मडक्याला खरवडू नये. मी ते पत्र गल्ल्यावर उभ्यानं वाचलं आणि खिशात घातलं.

पुढं चिखल राहिला. पहाटे जायचो तर मासे वर तोंड काढून हवा ओढायचे, लहान मूल दूध पिताना आवाज करतं तसा आवाज. मला लांबूनच ऐकू यायचा. टँकर मागवला. सकाळी ओतला, दुपारपर्यंत जमिनीनं पिऊन टाकला. दुसरा मागवला नाही. मग लोक टोपल्या घेऊन आले. मी म्हटलं, "होळीआधीसुद्धा डोहात असं उतरून कुणी मासा उचललेला नाही, थांबा." सुनील म्हणाला, "मरनारच हायेत मामा. घारींला ठेवायचे का?" मी बाजूला झालो. चिलापी निघाली, पाट्या भरून. एका बाईला चिखलात एक वांब सापडली. एकच. तिला साप वाटला, तिनं फावड्यानं मारली.

खाली-वर सगळी कोरडी नदी फिरलो, कुठं दुसरा डोह उरलाय का बघायला. सगळे वाळूनं भरले आहेत, सपाट. यंदा पाऊस आला तर पाणी येईल, पण त्यात पोहायला कोण येईल, मला माहीत नाही. बी ठेवायची जागा एकच होती.

दाजींना अडवायला मी एसटी स्टँडवर गेलो होतो, अक्का. खरंच. ते उतरले, पिशवी माझ्या हातात दिली, मोठ्यानं म्हणाले, "आदी डोह, मग तुजा चहा." मी तोंड उघडलं. त्यांनी माझ्या तोंडाकडं बघितलं आणि मान हलवली. मला वाटलं त्यांना कळलं. कळलं नव्हतं.

काठावर बिभीषण बसला होता. तो उठून त्यांच्या कानाशी ओरडायला लागला, "सहादेवराव, आमी चांगल्यासाटी केलं वो! लई चांगल्यासाटी!" दाजी म्हणाले, "व्हय व्हय, थंडी हाय." मग पुढं होऊन खाली बघितलं.

रागावले असते तर बरं झालं असतं. खाली उतरले, एक दगड उलटला, त्याखाली बोट घातलं आणि बोट नाकाशी नेलं. दुसरा उलटला. तसे बरेच उलटले. करंजं नव्हती, त्यामुळं ऊन सरळ त्यांच्या पाठीवर होतं. मग मला हाक मारली.

"वाल्मिक, तुजं कान चांगलं हायेत. काय ऐकू येतंय?"

मी ऐकलं. लांब रस्त्याला एक टेम्पो होता. दुसरं काही नव्हतं. मी मान हलवली, नाही म्हणून.

"मग आपुन दोगं सारकंच," दाजी म्हणाले.

हॉटेलला आले नाहीत. चहा घेतला नाही. गळाचं डबडं बिभीषणला दिलं. तो नको नको म्हणत होता, त्यांना ऐकू आलं नाही. मला म्हणाले, "सुकन्याला फोन लाव. म्हनावं पोरींला दुसरी खोली बघाय सांग." मी तिथूनच लावला. म्हणजे सुकन्याला माझ्याकडून कळलं आहे, तुला तिच्याकडून कळलं असेल. त्यांना काही विचारू नकोस. जेवायला वाढ.

नगरला जाणारी जीप नदीच्या पलीकडच्या रस्त्याला लागते. मी म्हटलं, गाडी काढतो, पुलावरून सोडतो. त्यांनी हातानं नको केलं. पिशवी खांद्याला लावली आणि डोहातून सरळ पलीकडं चालत गेले. पायातलं पायताण काढलं नाही.

वाल्मिक